लंकाबाईने उचललेला बेलभंडारा

लंकाबाईच्या हातचा धपाटा खैरवाडीतल्या निम्म्या पोरांनी खाल्लेला आहे. तरी संध्याकाळचे सहा वाजले की हीच पोरं मारुतीच्या देवळात तिच्यापुढं मांडी घालून बसतात. पारनेरहून आत, माळावरची ही वाडी. साठीला टेकलेली ही विधवा बाई अकरा वर्षं तिथल्या पोरांना भजन शिकवते आहे. टाळ चुकला की पाठीत धपाटा, भजन संपलं की त्याच पाठीवरून हात. आणि शिकवण रोजची एकच.

"देव काय एकट्यादुकट्याच्या घरात येत न्हाई रं. समद्या आळीनं दारं उघडी ठिवली तर येतो. एकानं जरी कडी लावली, तरी आल्या पावली माघारी जातो."

पोरं माना डोलवायची. आता बाईच्या स्वतःच्या दाराला चार वर्षं कडी होती, हे काय पोरांना ठाऊक नव्हतं? पोरांना सगळं ठाऊक असतं हो!

भांडण बांधाचं. तिचा एकुलता एक मुलगा हनुमंत आणि सख्खा पुतण्या वाल्मिक, दोघांची शेतं लागून. वाल्मिकने नांगर फिरवताना बांध वीतभर कोरला, असं हनुमंत म्हणतो. आधी हनुमंतने कोरला, असं वाल्मिक म्हणतो. त्या वीतभर मातीत काय मोती पिकणार होते, देव जाणे! हनुमंतने फावड्याच्या दांड्याने वाल्मिकचा हात कोपरात मोडला. आठ दिवसांनी वाल्मिकने त्याला वाटेत गाठून दगडाने डोकं फोडलं. अकरा टाके पडले.

त्या दिवशी लंकाबाईचं डोकं फिरलं. लेकाचा रक्ताने भिजलेला सदरा घेऊन ती थेट खंडोबाच्या देवळात गेली. पिंडीवरचा बेल आणि भंडारा मुठीत धरला आणि गावादेखत ओरडली, "वाल्मिकच्या घरचा घास न्हाई तर पान्याचा थेंब जरी माझ्या तोंडात गेला, तर माझा हनुमंत मरंल!"

झालं. रागाच्या भरात बोलून मोकळी झाली. पण बेलभंडारा उचलून बोललेलं परत घेता येत नाही, अन् शपथ घेतली ती पोटच्या पोराच्या जिवाची. बाईचा खंडोबावर पक्का विश्वास. हनुमंतचा तिच्याहून पक्का. ही चूक तिची, दुसऱ्या कुणाची नाही.

वाल्मिकची मुलगी धनश्री मात्र भजनाला येत राहिली. तिची आई नवऱ्याच्या शिव्या खाऊन तिला पाठवायची. आता दहा वर्षांची पोर, गळा गोड, टाळ कधी चुकायची नाही. तिला धपाटा कधी मिळाला नाही आणि पाठीवरून हातही कधी फिरला नाही.

दर मे महिन्यात पोरांचा सात दिवसांचा सप्ताह व्हायचा. शेवटच्या दिवशी सकाळी काला. प्रत्येक घरून ज्वारीच्या लाह्या यायच्या, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, सगळं एका मडक्यात. मग प्रत्येक पोराने आधी बाईला एक घास भरवायचा आणि मग एकमेकांना. बाई काय करायची माहीत आहे? धनश्रीच्या घरच्या लाह्या बाजूला ठेवायची. तिची पाळी आली की म्हणायची, "बास, पोट भरलं." स्वतःचं खाऊन झालं की मग त्या लाह्या मडक्यात टाकायची. तीन वर्षं असंच भागवलं.

यंदा धनश्री आपल्याच लाह्या मुठीत घेऊन उभी राहिली, हटेना.

"आजे, तुझं पोट माझ्याच वेळंला कसं भरतं?"

बाकीची अठरा पोरं बाईकडं बघायला लागली. पोरीने पुन्हा विचारलं, "माझ्यामुळं देव माघारी जातो का?"

अकरा वर्षं घसा कोरडा केला, आणि ही पोर त्यातून हे शिकली! लंकाबाईने हनुमंतकडे पाहिलं. तो दाराशी पाण्याचा जार उतरवत होता. मग तिने तोंड उघडलं आणि पोरीच्या हातातला घास घेतला.

जार खाली आदळला.

"आये! थुक! थुक ते!" हनुमंत पोरांना तुडवत आत आला. त्याने आईचा जबडा पकडला, तोंडात बोटं घातली. बाईने त्याच्या बोटांना चावा घेतला आणि घास गिळला. तेव्हा त्याने मारलं. स्वतःच्या आईला, मूठ वळून. तिचं तोंड खांबावर आपटलं, दोन दात फरशीवर पडले, ओठ नाकापर्यंत फाटला.

"माझ्या जिवावर उठली व्हय तू?" तो ओरडत होता, रडत होता. लाथेसरशी त्याने मडकं फोडलं आणि धनश्रीची वेणी पकडून तिला ओढली.

पोरीची किंकाळी समोरच्या पारावर वाल्मिकने ऐकली. तिथं मंडपाच्या मेखा उपटायची पहार पडली होती. ती घेऊन तो चपलांसकट देवळात शिरला आणि काही न विचारता घातली. हनुमंतच्या कानामागं घाव बसला. तो दह्यात, लाह्यांत तोंडावर पडला आणि लाह्या लाल व्हायला लागल्या. पोरं भिंतीला चिकटून ओरडत होती. वाल्मिकने दुसऱ्यांदा पहार उचलली.

लंकाबाई सरपटत गेली आणि लेकावर आडवी पडली. दुसरा घाव तिच्या खांद्यावर बसला, हाड कडकन मोडलं. लोकांनी वाल्मिकला धरला तेव्हा तो पहार सोडायलाच तयार नव्हता, बोटं एकेक करून उलगडावी लागली.

तिसऱ्या दिवशी हनुमंत नगरच्या दवाखान्यात बेशुद्धच होता. वाल्मिक कोठडीत. सून लेकाजवळ थांबली आणि लंकाबाई कपडे न्यायला एसटीने वाडीत आली. ओठाला टाके, हात झोळीत. सहा वाजले आणि पाय नेतील तशी देवळाकडे गेली.

पोरं बसली होती. टाळ कुणी हातात घेतला नव्हता. धनश्री बाहेर पायरीवर एकटी, तिच्याजवळ कुणीच बसलं नव्हतं.

"आजे," ती उठून, खाली बघून म्हणाली, "माझ्या हातचं खाल्लं म्हनून हनुमंतकाका मरनार का?"

खरं सांगायचं तर लंकाबाई दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तीन दिवस हेच घोकत होती. पोरीला मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या. सटवीने तेव्हाच मूठ पुढं केली नसती तर! आता ती पोर पुढं उभी होती, आणि आतली अठरा पोरं कान टवकारून बाईच्या उत्तराची वाट बघत होती.

"डोकं त्याचं पहारीनं फुटलं," फाटक्या ओठातून तिने एकेक शब्द काढला. "अन् शपथ मी घेतली हुती, रागात. देवानं न्हाई मागितली. तुझं काय बी न्हाई यात, पोरी. काय बी न्हाई."

पोरीला ते पटलं नाही, तोंडावरच दिसत होतं. नुसत्या बोलण्याने कसं पटेल? बाई पायरीवर टेकली. मग म्हणाली, "जा, घरून पानी आन. तुझ्या घरून."

धनश्री पळत गेली आणि आईने भरून दिलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून आली. पोरं उठून दारात जमली. लंकाबाईने मोबाईल मांडीवर ठेवला. दवाखान्यातून कुठल्याही क्षणी फोन येणार होता, आणि काय ऐकायला मिळेल ते तिला ठाऊक नव्हतं. तिने तोंड उघडलं.

"पाज."

टाक्यांवरून पाणी हनुवटीवर ओघळलं, लुगड्यावर सांडलं. तरी ती पीत राहिली. एक घोट, दुसरा, तांब्या संपेपर्यंत. पिऊन झालं तसा तिने मोबाईल मुठीत आवळून धरला.

"आजे, भ्या वाटतंय का तुला?"

"लई," लंकाबाई म्हणाली. "लई भ्या वाटतंय. या रं समदे, हितं बसा माझ्यापाशी."

पोरं पायरीवर येऊन बसली, धनश्रीच्या दोन्ही बाजूंना.