घाई नाही

छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, मोठा श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "भयमा इरुक्कु. पोगलाम." म्हणजे, भीती वाटते; चला. कुंभकोणमच्या आसपास ज्यांनी तिला पाहिलं असेल, त्यांना दुसरं काही आठवलं नाही तरी हे आठवेल.

ती परदेशी होती. बर्फाच्या डोंगरांतल्या कुठल्याशा गावची, शिकलेली नर्स. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या खेड्यांत काम करायला तिच्यासारखे पाच-सहा जण आपणहून आले आणि पहिल्या उन्हाळ्यातच परतले. ही एकटी तिरुनीलक्कुडीला राहिली. तिला म्हशींची भीती वाटे, पालींची वाटे, कालव्यावरच्या बांबूच्या साकवाची तर फारच वाटे. रोज सकाळी त्या साकवापाशी उभी राहून ती आपलं वाक्य म्हणायची आणि पाऊल टाकायची. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हसून लोळायच्या.

"अगं, एवढी भीती वाटते तर घरी बस की!"

"घरी पाल आहे," ती सांगायची.

मला हे पटत नसे. आम्ही तंजावरकडचे मराठी; आमचे आजोबा तिथल्या राजवाड्यात चाकरीला होते म्हणतात. त्यातलं माझ्या वाट्याला काही आलं नाही. दुसऱ्याच्या दुकानात चिंच लावून भांडी घासत मी वर आलो आणि कुंभकोणमला पितळी भांड्यांचं स्वतःचं दुकान काढलं. या धंद्यात मी एकच शिकलो. आपली गरज समोरच्याला दिसता कामा नये. गरज दिसली की भाव गेला.

आणि ही पहिल्यांदा दुकानात आली ती तोटी असलेल्या भांड्यावर हात ठेवून म्हणाली, "उकळलेलं पाणी ठेवायला मला हेच हवंय. याच्याशिवाय माझं चालणार नाही. किती?"

माझं डोकंच फिरलं. "अहो अम्मा, असं विकत घेतात होय? आधी नाक मुरडा. महाग म्हणा. चालू लागा. मी हाक मारतो."

"पण मला जायचं नाहीये."

"जा म्हणतो ना!"

ती गेली. मी सवयीनं थोडं थांबून हाक मारली, तर ही बसमध्ये चढलेली! दुसऱ्या दिवशी आली. "तुम्ही जा म्हणालात, अण्णा," म्हणाली. तोंडावर रागाचा लवलेश नाही.

गावाच्या कडेला मेलकावेरीत आमचं घर, तिथे ती येऊ लागली ती माझ्या बायकोमुळे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच बायकोला दिवस राहिले होते. दोघी पाटावर बसून कॉफी प्यायच्या. ओठ न लावता वरून प्यायला ती आमच्याकडेच शिकली. निम्मी कॉफी हनुवटीवरून ओघळायची. बायकोकडून मराठी शब्द उचलायची आणि तिरुनीलक्कुडीच्या बाजारात तमिळ समजून वापरायची. बाजार चकित.

सातव्या महिन्यात तिनं लाकडाची एक आखूड नळी बायकोच्या पोटाला लावली आणि मला हाक मारली. "अण्णा, ऐका."

"मला कामं आहेत."

"भीती वाटते?"

"मला? कशाची?"

पण वाकलो. नळीला कान लावला. दूरच्या रस्त्यावरून टांगा यावा तसा टपटप आवाज. मी ताठ झालो आणि दुकानात निघून गेलो. त्या दिवशी कुणाशी भाव करता आला नाही.

त्याच वर्षी पावसात नदी चढली, विहिरींत गढूळ पाणी शिरलं आणि आमच्या भागात पटकी आली. जवळच्या शाळेच्या ओसरीत चटया टाकून ती आणि नगरपालिकेचा एक डॉक्टर रोग्यांना सलाइन लावत होते. एका सकाळी माझ्या बायकोला उलट्या सुरू झाल्या. मी शाळेकडे धावलो. 

ओसरीत माझी तीन गिऱ्हाइकं उभी होती. घरात पटकी आहे हे कळलं असतं तर माझ्या दुकानाची पायरी कोण चढलं असतं? मी चाल मंद केली. धोतर नीट केलं. आवाज बाजारातला काढला.

"घरी जरा पोट बिघडलंय. विशेष काही नाही. सवडीनं या. घाई नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नक्की घाई नाही, अण्णा?"

"नाही म्हटलं ना!"

तिनं मान डोलावली, पिशवी उचलली आणि वेशीकडच्या ओतारांच्या, म्हणजे पितळ ओतणाऱ्यांच्या, आळीतल्या एका म्हातारीकडे गेली. मी घरी येऊन दारात उभा राहिलो. माझ्या पाठोपाठ येईल अशी माझी खात्री होती. माझ्या धंद्यातला कुणीही माणूस आला असता.

"अहो, ती येते ना?" बायकोनं विचारलं.

"येतेच आहे."

दोन तास गेले. बायकोचे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली, आवाज बसला. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा नुसते ओठ हलले. मग मी धावलो. ओतारांच्या आळीत शंभर माणसांसमोर मला श्वास पुरेना, दुसरे शब्द सापडेनात.

"भयमा इरुक्कु," मी म्हणालो. "पोगलाम."

ती छत्री टाकून पळाली. पाळण्यासाठी मी छताला कडी ठोकून घेतली होती. त्या कडीलाच तिनं सलाइनची बाटली टांगली.

बायको वाचली. दुसऱ्या दिवशी नर्सनं ती लाकडी नळी तिच्या पोटाला लावली. इथे लावली, तिथे लावली. फार वेळ ऐकत राहिली. मला बोलावलं नाही.

अंगणात मी तिच्यावर ओरडलो. "दोन तास! कुठे होतात तुम्ही दोन तास?"

"तुम्ही घाई नाही म्हणालात, अण्णा." ती रडत होती.

हे मी तिला कधी माफ केलं नाही. आजही मनात आहे. तुम्ही म्हणाल, तिची काय चूक? माहीत आहे मला. उभ्या जन्मात माझा शब्द जसाच्या तसा कुणी खरा धरला नव्हता. धरू नये अशीच माझी बोलण्याची रीत. तिनं धरला. राग त्याचाच आहे.

पोंगलनंतर एका सकाळी ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. छत्रीचा दांडा दोन्ही हातांत. मोठा श्वास घेतला.

"भयमा इरुक्कु," म्हणाली. पुढचा शब्द आला नाही.

मी एका गिऱ्हाइकाला समई दाखवत होतो. तिनं आत यावं, बसावं, मला काहीतरी बोलता यावं, असं फार वाटलं.  मी मान वर केली नाही.

"गिऱ्हाईक आहे. नंतर या. घाई नाही."

"नक्की, अण्णा?"

"नाही म्हटलं ना."

पाहिलं तेव्हा छत्री कोपऱ्याशी पोचली होती, हाक ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर. जाणारं गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळून परत येतं, या सवयीनं मी थांबलो. दुपारी मद्रासची गाडी शिट्टी देऊन गेली, तरी माझं लक्ष त्या कोपऱ्याकडेच होतं.

संध्याकाळी बायकोनं पाणी पुढे केलं आणि विचारलं, "गेली हो ती, दुपारच्या गाडीनं. कायमची. तुम्हांला भेटायचीच तिला फार भीती वाटत होती. बोललात ना नीट?"