परतीचं इंधन

भावाचा उजवा हात गेला, तेव्हा त्याचं जहाज आपल्या सूर्यापासून फार लांब पोचलेलं होतं.

जहाज म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं. त्या खेळात अख्खी आकाशगंगा होती, आणि लढाया सोडून नुसतं फिरायला निघणारे त्याच्यासारखे लोक होते. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, तिथले ग्रह तपासायचे, आणि जिथे आधी कुणी आलेलं नाही त्या ताऱ्याला आपलं नाव लावायचं. मात्र नाव पक्कं व्हायला सगळी माहिती घेऊन माणसांच्या वस्तीत परत यावं लागे. वाटेत जहाज फुटलं की सगळं गेलं.

कॉम्प्युटर माझा. बमरोलीच्या एका मिलसाठी मी घरूनच साड्यांची डिझाइनं करते. माझं काम आटोपलं की भाऊ बसायचा. तो हजीऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होता. कंपनीच्या बसमधून उतरून कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत यायचा, आंघोळ करायचा आणि ताट मांडीवर घेऊन आकाशात निघून जायचा. आई त्याला आपल्याजवळ बोलवायची, "आठे बस ना, आमनाजोडे." तो नुसतीच मान हलवायचा.

मग एका दुपारी सरकत्या पट्ट्यात अडकलेला तुकडा काढायला त्याने हात घातला आणि पट्टा सुरू झाला. हात मनगटाच्या वरून कापावा लागला.

दवाखान्यातून आल्यावर तो बोलेनासा झाला. कापलेल्या हातावर कायम टॉवेल. धुळ्याकडून मामा आले, शेजारचे आले, की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. बाबा कापडाच्या लूमवरचं काम संपवून त्याच्या उशाशी येऊन बसायचे. आयुष्यभर मशीनच्या आवाजात ओरडून बोललेला माणूस. हळू कसं बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते गप्पच बसायचे. बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली मात्र त्यांनी शेजाऱ्यांकडून मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. का, ते कुणी विचारलं नाही.

एकदा मी काम करत असताना भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"जहाज चालवशील?"

अपघातानंतर त्याने स्वतःहून काही मागितलं, ते हे पहिलंच. मी हो म्हटलं.

तो शेजारी स्टुलावर बसून सांगायचा, मी चालवायचे. "नाक डावीकडे घे. हळू. एवढ्या जवळ नको, तापेल." ताऱ्याच्या कडेकडेने उडत गेलं की जहाज त्याच्याकडून इंधन भरून घेई, पण सगळे तारे इंधन देत नाहीत, हेही त्यानेच शिकवलं. एका ग्रहावर उतरताना मी जहाज आपटलं, तेव्हा तो केवढ्यांदा ओरडला! मीही उलट ओरडले. बाबा उठून यायला लागले तर आईने त्यांना अडवलं. "भांडतस तं भांडू द्या," ती म्हणाली. त्याचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं होतं.

मी धरून चालले होते की आम्ही परत येतोय. बऱ्याच दिवसांनी नकाशा नीट पाहिला, तेव्हा लक्षात आलं.

"भाऊ, घर तर मागे राहिलं."

"माहीत आहे. पुढे चल."

"कुठपर्यंत?"

"तारे संपतात तिथपर्यंत."

मला ते आवडलं नाही. पण नाही म्हटलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल, या भीतीने मी उड्या मारत राहिले. तारे विरळ होत गेले. दोन उड्यांमधला काळोख वाढत गेला. तो आता सूचनाही देत नव्हता, फक्त पडद्याकडे बघत असायचा. शेवटी एका मिणमिणत्या तपकिरी ताऱ्यापाशी आलो. तो इंधन देणारा नव्हता आणि टाकी रिकामी झाली होती.

"आता?"

"आता काही नाही. राहील इथेच," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की मला तिथे बसवेना.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. तिच्याजवळ बसून मी फोनवर शोधत राहिले. याच खेळातले काही लोक, कुणी अडकलं की कितीही लांब इंधन घेऊन जातात, असं वाचलं. बाहेर येऊन मी भावासमोर कीबोर्ड सरकवला.

"त्यांना कळवायचंय. मला यातलं इंग्रजी येत नाही. तू लिही."

 स्टूल पुढे ओढून त्याने डावा हात कीबोर्डवर ठेवला. टॉवेल खाली घसरला. तो त्याने उचलला नाही.

पलीकडून कुणीतरी भराभर विचारू लागलं: कुठे आहेस, जहाज कोणतं, आत हवा किती शिल्लक? भाऊ एकेक अक्षर शोधत होता. मध्येच पलीकडून आलं, "आहेस ना?"

त्याने लिहिलं, "मला एक हात नाही. डाव्याने लिहितोय. वेळ लागेल."

हे वाक्य त्याने आमच्यापैकी कुणाहीजवळ उच्चारलं नव्हतं. 

उत्तर आलं, "लागू दे. मलाही पोचायला बरेच दिवस लागतील. खेळ बंद कर, म्हणजे हवा टिकेल. निघालो की कळवतो."

त्या दिवसांत भाऊ रोज सकाळी स्वतः कॉम्प्युटर लावायचा आणि तो माणूस कुठवर आला ते त्याच्या निरोपांतून बघायचा. तो पोचला तो रविवार होता. काळोखात एक ठिपका दिसला, मोठा झाला, आणि दुसरं जहाज आमच्या शेजारी येऊन थांबलं. आई आणि बाबाही बघायला आले होते.

"कोण शे तो?" त्यांनी लूमवरच्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"मंग कसाले उना?"

एवढ्या लांब अनोळखी माणूस का आला, ते बाबांना कळेना. टाकी भरत असताना भाऊ रडत होता, आणि आम्ही तिघंही पडद्याकडेच बघत राहिलो.

परत यायला पुष्कळ आठवडे लागले. वस्तीत उतरलो तेव्हा त्याचं नाव लागलेले तारे पडद्यावर येत गेले. त्याने थोडे वाचले, मग उठून आईकडे जेवायला मागितलं. नंतर तो खेळ त्याने फारसा उघडला नाही.

आता तो रिंगरोडच्या मार्केटमधल्या एका गोदामात पार्सलांवर देखरेख करतो. काही दिवस जातो, काही दिवस उठतच नाही. नकली हात आला, तो कपाटात पडून आहे. घामाने आत खाज सुटते म्हणतो.

मध्यंतरी चहा पिताना मी त्याला विचारलंच, "तिथे इंधन मिळणार नाही, हे तुला आधी माहीत होतं?"

"होतं," तो म्हणाला. मग उरलेला चहा संपवून तो कप विसळायला उठला.

त्याला यायला उशीर झाला की मी फोन करते. तो उचलतो, चिडतो, "ट्राफिक छे, यार," असं गुजरातीत खेकसतो, आणि मी फोन ठेवून पुन्हा साडीच्या काठाकडे वळते.