शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची जीभ म्हणजे चाबूक. "अहो, क्लच आहे तो, शिवणयंत्राचं पायडल नव्हे," असं ते बँकेच्या मॅनेजरलाही सुनवायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडे शिकणारे रडले पुष्कळ, पण एकालाही खरचटलं नाही. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे वेगळा ब्रेक असतो आणि मास्तरांचा पाय डोक्याच्या आधी चालायचा. ब्रेक दाबल्यावर मग त्यांना दिसायचं, की गाड्यांच्या मागून कुणीतरी रस्त्यात उतरत होतं.

हे झालं गाडीतलं. घरात हाच वाघ मूग गिळून बसायचा. लहानपणी दादाने काच फोडली की मार धाकट्याने, म्हणजे मास्तरांनी खायचा. पुढे घराची वाटणी दादाने केली आणि उजेडाच्या खोल्या दादाकडे गेल्या. मास्तर म्हणाले, "बरं." गिळलेला राग दुसऱ्या दिवशी एखाद्या गरीब शिकाऊ माणसावर निघायचा, आणि वर त्याला ते शिस्त म्हणायचे. शिस्त कसली, निव्वळ भित्रेपणा तो.

गेल्या महिन्यात दादाचा मुलगा शिकायला आला. पहिल्या अर्ध्या तासात मास्तरांचा पाय अकरा वेळा ब्रेकवर गेला. शेवटच्या दिवशीही त्यात फार फरक नव्हता. पोराचं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशातल्या स्वतःकडे जास्त. 'अजून महिनाभर शीक' हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दादाचा फोन आला, "परवा त्याची परीक्षा आहे, तुझी सही लागते." मास्तरांनी फॉर्मवर 'तयार आहे' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. पोरगा पासही झाला.

परवाना हातात येऊन आठवडा झाला नाही तोच त्याने चौकात एका सुताराला उडवलं. सुताराचं मांडीचं हाड मोडलं. पोरगा गाडी तिथेच टाकून पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एका नर्सबाईंना शिकवत होते. दादाचा फोन आला म्हणून त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावून बंद करवली.

"हे बघ, त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही," दादा म्हणाला. "गाडी तू चालवत होतास असं सांगून टाक. तू मास्तर माणूस, तुझं कोण काय वाकडं करणार? पोराचं आख्खं आयुष्य पुढे आहे. शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ."

मास्तरांच्या तोंडून 'बरं' निघतच होतं.

"मास्तर," नर्सबाई म्हणाल्या, "गाडी तर बंद आहे. मग ब्रेक कशाला दाबताय?"

त्यांनी खाली पाहिलं. पाय पार तळाला टेकला होता, पोटरीत गोळा आला होता. मास्तरांना संताप आला, पण बाईंचा नाही, स्वतःचा. पोराच्या वेळी हा पाय अकरा वेळा सांगत होता. त्याआधी वाटणीच्या वेळी, काचेच्या वेळी आतलं कुणीतरी हेच 'थांब, थांब' म्हणत होतं. आणि त्यांनी दर वेळी त्याच्यावर खेकसून त्याला गप्प बसवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी त्या गाडीत नव्हतो. त्याला घेऊन पोलीस चौकीत जा. संध्याकाळपर्यंत गेला नाहीस तर मी जातो."

"म्हणजे आजपासून तू मला मेलास."

"बरं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी ते हॉस्पिटलमध्ये गेले. सुताराचा पाय वजन लावून टांगला होता. उशाशी त्याची बायको बसली होती.

"त्या मुलाला मी शिकवलं," मास्तर म्हणाले. "त्याला गाडी येत नव्हती. मला ते माहीत होतं. तरी मी सही केली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. आवाजही चढवला नाही.

सव्वीस वर्षं लोकांना फाडून खाणाऱ्या त्या माणसाला रागवायला तिथे स्वतःशिवाय दुसरं कुणीच उरलं नव्हतं.