जोव्हिटाचा होकार

आमच्या वाडीत मुलींची कबड्डी जोव्हिटा लोबोने सुरू केली. मंडळाच्या स्मरणिकेत तिच्याविषयी मी लिहितो, असं मी आपणहून म्हटलं, तेव्हा सभेत सगळे गप्प झाले. त्यांच्या गप्प बसण्याचं कारण वाडीला ठाऊक आहे. बाहेरच्या वाचकांना ते सांगायला हवं, आणि सांगताना माझी मान खाली जाणार आहे.

जोव्हिटा आता पंचवीस वर्षांची. वडील बोटीवर नोकरीला, आई घरी ब्लाउज शिवते. घर देवबागच्या रस्त्याला, दारात पांढरा क्रूस आणि त्याला लागून अबोलीचा वाफा. कॉलेजात असताना ती जिल्ह्याच्या संघातून खेळली. मग मालवणात एका डॉक्टरांकडे सकाळची नोकरी धरली आणि संध्याकाळी मंडळाच्या पटांगणात मुलींना गोळा करू लागली. बघता बघता अकरा मुली झाल्या. त्यांत माझी नात संचिता, नुकतीच अकरावीत गेलेली.

जोव्हिटाची एक अट होती. पाच दिवस सराव, शनिवारी मैदान बंद. शनिवारी सगळ्यांनी तिच्याबरोबर वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जायचं. विहिरीचं पाणी ओढायचं, चादरी धुवायच्या, माणसाला उचलून कुशीवर वळवायचं. मुली, म्हणजे आमच्या बोलीत चेडवां, कंटाळल्या की ती म्हणायची, "मैदानात दांडगी चेडवां पकडतास मा? मग यशोदाकाकीक उचलूक काय जाता? अंगातली ताकद पटांगणात ठेवन येवची नसता गो!"

रविवारी सकाळी ती चर्चमध्ये मिस्साला जायची. त्या वेळेला सामना लागला तर पंचांना सरळ सांगायची, आमचा दुपारी लावा. चढाईला निघताना ती मध्यरेषेपाशी क्षणभर थांबायची; कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रूसाची खूण करायची आणि मग शिरायची. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळी वाडी बघत होती.

आता माझं. वाडीत कुठलंही काम सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागायचं, जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. आधी गाऱ्हाणं घालणारा धोंडू वारल्यापासून मागण्याचं काम माझ्याकडे आलं. चारचौघांत मला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. गाऱ्हाण्याला मात्र आवाज फुटतो. तो आवाज माझा नाही, वाडीचा आहे, असं मी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी पटांगणाच्या कडेला बसलो असताना संचिता चढाईला निघाली आणि रेषेपाशी थांबून तिने तीच खूण केली. कपाळ, छाती, खांदे. शेजारी वाडीतलाच महादू बसला होता.

"दाजी, बघितलंस मा? नात तुझी बाटता हळूहळू."

"पोरां आसत रे," मी म्हटलं.

"आज हात कपाळाक, उद्या डोक्यार पाणी. तू बस हयसर खुळ्यासारखो शेंगा खाईत."

मी हसल्यासारखं केलं, पण ते मनात राहिलं. संचिता माझ्याच घरात, जोव्हिटाचं घर पन्नास पावलांवर. दोघींपैकी कुणालाही मी विचारलं नाही. विचारायला संकोच वाटला. आणि ज्याचा संकोच वाटायला हवा होता, ते केलं.

डिसेंबरात मंडळाची स्पर्धा होती. तीनेकशे माणूस असेल. नारळ ठेवून मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो. जोव्हिटा तिच्या मुलींबरोबर अनवाणी, समोरच उभी होती.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी खेळ मांडलो हा, तो सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खेळणाऱ्याच्या हातापायाक इजा होव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

"आणि जो कोण खेळाच्या नावान आमच्या चेडवांक भुलवन भलत्या वाटेक लावीत आसात, तेची वाट बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत होकार जोव्हिटाचा होता. ती लहानपणापासून गाऱ्हाण्याला उभी राहात आली होती. होकार दिल्यावर तिने मान वर केली, तर माझे डोळे तिच्याकडेच होते. मग एकेक करून बाकीचेही तिच्याकडे बघू लागले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ती मुलींना घेऊन मैदानात गेली. तिच्या पहिल्याच चढाईला, रेषेपाशी, मागून कोणीतरी शिट्टी मारली.

पुढच्या आठवड्यात मंडळाने पटांगण 'दुरुस्तीसाठी' बंद केलं. घरोघर मुलींना अडवलं गेलं. माझा मुलगा अजय संचिताला म्हणाला, "आजोबा देवाकडे उगाच मागणत नाय." अकराच्या चार मुली उरल्या.

फादरनी जोव्हिटाला चर्चचं आवार देऊ केलं. ती नको म्हणाली. तिथे खेळवलं तर लोक म्हणतील, दाजी खरं बोलले. मग तिने किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत रेषा ओढल्या. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे सरावाची वेळही रोज बदलायची. फेब्रुवारीत वैभववाडीला स्पर्धा होती. संघाला सात मुली लागतात. जोव्हिटा धरून पाचच होत्या.

संचिता घरात माझ्याशी बोलेना. एक दिवस जेवण वाढताना ताट आपटलं तिने.

"आजोबा, तुमका एक ठावक आसा? त्या दिवशी मी ती खूण केलंय, तुमी घराक गेल्यार जोव्हिटाताई माका सगळ्या चेडवांसमोर ओरडली. म्हणाली, ह्यां माझां. तुमी धरणीक हात लावन नमस्कार करा, तुमचो आसा तो. नक्कल करून दोघांच्याय देवाची मस्करी करू नकात."

"मग माका तेव्हाच कित्याक सांगूक नाय तू?"

"तुमी विचारलात?"



शनिवारी मी यशोदाकाकीकडे गेलो. वाडी तिला काकी म्हणते, माझी ती चुलतबहीण; दोन वर्षं अंथरुणात. जोव्हिटा एकटीच होती. पूर्वी तीन मुली मिळून जे करायच्या, ते ती एकटी करत होती. काकीला छातीशी धरून उठवत होती आणि पाठीच्या जखमा पुसत होती. मला बघून काकी म्हणाली, "कोण, दाजी? गाऱ्हाणां घालूक इलंस काय रे? हयसर वाट बंद करूक वाटच नाय, मी आधीच पडलंय!"

जोव्हिटा हसली नाही. मी तसाच परत फिरलो.

दोन दिवसांनी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलो. मुली पाणी प्यायला लांब गेल्या, तेवढ्यात तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "गो बाय, माझां चुकलां."

तिने पायाने रेषा नीट केली. मग म्हणाली, "आजोबा, गाऱ्हाणां केवढ्या आवाजान घातलात? आणि आता केवढ्यान बोलतास?"

मुली परत येताना दिसल्या, तसा मी घरी निघालो.

त्या संध्याकाळी आधी अजयला बसवून सांगितलं. संचिता दुसऱ्या दिवसापासून वाळूत जाऊ लागली. मग मी घरं धरली. पहिल्या घरी चहा मिळाला, मुलगी नाही मिळाली. दुसऱ्या घरी मी दारातच सांगितलं, मी बघितलं ते अर्धं आणि मागितलं ते खोटं. त्यांनी मुलगी पाठवली. तिसऱ्या घरी महादू बसलेला होता. "इलो बघा, गाऱ्हाणां परत घेवक!" म्हणाला. सगळे हसले. मी पाणी पिऊन निघालो आणि चौथ्या घरी गेलोच नाही. इतकंच माझं धैर्य. मोजून सात झाल्या, बदली खेळाडू एकही नाही. वैभववाडीला त्या दुसऱ्या फेरीत हरल्या. एकीचा पाय मुरगळला होता, पण बाहेर बसवायला आठवी कोणी नव्हती. ती आठवी चौथ्या घरात असेल, किंवा पाचव्या.

तीनशे माणसांसमोर जे मागितलं, ते तीन घरांत परत घेता येत नाही. म्हणून सभेत हात वर केला, आणि म्हणून हे लिहिलं.

छापायला देण्याआधी जोव्हिटाकडे घेऊन गेलो. क्रूसापाशी उभं राहून तिने सगळं वाचलं. गाऱ्हाण्याच्या जागी मी आधी 'सवयीने होकार दिला' असं लिहिलं होतं. त्यावर तिने बोट ठेवलं.

"ह्यां चुकीचां आसा. सवयीन नाय, मनापासून म्हटलंय. चेडवांक कोणी भुलवता म्हणालात. ती चेडवां माझीय होती मा? माका वाटला, कोणी वायट माणूस आसतलो, तेची वाट बंद होवकच होयी. मगे तुमी माझ्याकडे बघितलात."

मी ते शब्द खोडले.

"माफ करशीत गो माका?" मी विचारलं. यावेळी जरा मोठ्याने. आतून तिच्या आईची मशीन थांबली.

जोव्हिटाने कागदांची घडी घातली. "राग नाय असा सांगलंय, तर खोटां होयत. माफ करूक होया ह्यां माका ठावक आसा. दर रविवारी ताच मागतंय. अजून जमूक नाय." कागद तिने माझ्या हातात दिले. "जमलां काय येवन सांगतंय."

याला पाच आठवडे झाले. मंडळाने पटांगण अजून उघडलेलं नाही. शनिवारी ती आमच्या दारावरून काकीकडे जाते, आता बरोबर संचिता असते. मी ओट्यावर बसलेला असतो. ती मान हलवून पुढे जाते.