कंडक्टरसाठी डॉक्टर

माणसांच्या डॉक्टरांवर माझ्या बायकोच्या मामांइतका आंधळा विश्वास आणि जनावरांच्या डॉक्टरांवर त्यांच्याइतका डोळस अविश्वास ठेवणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या नागपुरात सापडणार नाही. स्वतःच्या रक्तदाबासाठी ते काटोल नाक्याजवळच्या ज्या दवाखान्यात वर्षानुवर्षं जातात, तिथल्या डॉक्टरांचं नाव त्यांना अजून ठाऊक नाही. गोळी पांढरी आहे की गुलाबी, हेही ते बघत नाहीत. पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात आणि पुढच्या कामाला लागतात. पण घरातल्या कुत्र्यासाठी डॉक्टर ठरवायचा म्हटल्यावर त्यांनी दोनशे पानी वही आणली, समास आखला आणि शहरातला एकेक जनावरांचा दवाखाना पिंजून काढायला सुरुवात केली. डॉक्टरांनी कुत्रा तपासायच्या आधी मामांनी डॉक्टर तपासले.

कुत्र्याचं नाव कंडक्टर. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आणि हा काळा, गावठी, एक कान कायमचा पडलेला प्राणी आल्या-गेल्याच्या खिशाला नाक लावल्याशिवाय कुणाला आत सोडत नसे, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर मामांच्या हातून गाड्या सुटायच्या थांबल्या, पण अंगातली घाई काही सुटली नाही. ते जेवताना दोनदा उठतात. पेपर उभ्याने वाचतात. टाकीत पाणी किती आहे ते पाहायला दिवसातून आठ-दहा वेळा गच्चीवर जातात, आणि दर वेळी पाणी तेवढंच असतं. मामी म्हणतात, "लग्नात सप्तपदी होती म्हणून बरं. नुसतं बसून राहा म्हटलं असतं, तर हे मांडवातून निघून गेले असते."

डॉक्टर तपासायची मामांची पद्धत त्यांची स्वतःची होती. पहिल्या फेरीला ते कुत्र्याशिवाय जात. बाकावर बसत, म्हणजे बसल्यासारखं करत, आणि डॉक्टर आधी मालकाशी बोलतो की जनावराशी, हे टिपून घेत. दुसऱ्या फेरीत भर दुपारी, लोकांच्या जेवणाच्या वेळेला फोन करत. कुणी उचलला, की "काही नाही, तुम्ही उचलता का ते पाहून राहिलो होतो," असं सांगून ठेवून देत. धरमपेठेतल्या एका डॉक्टरांना त्यांनी बाद केलं, कारण त्यांच्या दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतला मासा तिरका पोहत होता. दुसरे एक चांगले पदवीधर गृहस्थ बाद झाले ते तिसऱ्या फेरीत, कुत्र्याला बरोबर नेल्यावर, कंडक्टरला फार आवडले म्हणून. "त्यांच्याकडे पाहून हा शेपूट हलवून राहिला होता जी," मामा मला काळजीने म्हणाले, "डॉक्टरची थोडी तरी भीती पाहिजे ना!" तिसऱ्या डॉक्टरांकडे पाहून कंडक्टर गुरगुरला, तेव्हा तेही बाद झाले. अविश्वासाला कारण लागतं, आणि मामांकडे कारणांचा तुटवडा नव्हता.

या शोधात मी सापडलो तो जावई असल्यामुळे. आमच्याकडे जावयाला मान देतात, पण मामांनी मला कामाला लावलं. एका रविवारी सकाळी त्यांनी बोलावलं. अंगणात बावीस किलो बटाट्यांचं पोतं कंडक्टरच्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. बावीस किलो का, तर कंडक्टरचं वजन तेवढं. अडीअडचणीला कोणत्या दवाखान्यात किती मिनिटांत पोचता येतं, याची ही रंगीत तालीम होती. मामा स्कूटर चालवणार आणि मी पोतं मांडीवर घेऊन मागे बसणार. सीताबर्डीच्या गर्दीत शिरल्यावर ते सारखे मागे वळून ओरडत होते, "जावईबापू, मान वर धरा त्याची! श्वास कोंडल ना!" मी बटाट्यांची मान शोधत होतो. व्हरायटी चौकात हवालदाराने आम्हाला बाजूला घेतलं, चादर उचलून आत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काका, बटाटे पळून राहिले का तुमचे?" मामांनी त्याला घड्याळ दाखवून सुनावलं की त्याच्यामुळे पेशंटची चार मिनिटं वाया गेली.

सदरमध्ये एका गाळ्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची गाठ अशाच एका फेरीत पडली. त्या नरखेडकडच्या, घरी संत्र्यांची बाग आणि गाई-म्हशी. बोलणं गावाकडचं, तोंडावर. मामांनी त्यांच्यापुढे आपली प्रश्नावली उघडली. तीन प्रश्नांची उत्तरं बाईंनी दिली. चौथ्याला त्यांनी विचारलं, "काका, कुत्रं कुठं हाय?"

"घरी."

"मग उद्या त्याले पाठवा, आन् तुम्ही घरी थांबा."

मी हसू दाबलं. मामांनी तिथेच वहीत शेरा मारला: हुशार, उद्धट, प्रतीक्षा यादी.

मग मे महिना आला. नागपूरचा मे काय असतो ते सांगत बसत नाही. दुपारी रस्त्यावर कुणी दिसलं तर त्याचं काही अडलं असावं असं समजायचं. मी एका लग्नाची पत्रिका द्यायला गाडी घेऊन मामांकडे गेलो होतो. मामी कूलरसमोर भाजी निवडत होत्या, मामा नेहमीप्रमाणे येरझारा घालत होते. पाणी पिऊन झाल्यावर मला जाणवलं, की माझ्या खिशाला कुणीच नाक लावलेलं नाही.

"कंडक्टर कुठे आहे?" मी विचारलं.

मामा जागच्या जागी थांबले. मग जिन्याकडे धावले. मी त्यांच्या मागे. गच्चीच्या दाराला आतून कडी होती. तासाभरापूर्वी ते टाकी पाहायला गेले, कुत्रा त्यांच्या मागून गेला, आणि हे आपल्या घाईत खाली उतरताना कडी लावून आले. दार उघडलं तर कंडक्टर टाकीच्या हातभर सावलीत आडवा पडला होता. जीभ बाहेर, फेस, आणि श्वास इतका जलद की मोजता येऊ नये. मामांनी हाक मारली. त्याने डोळे फिरवले, पण मान उचलली नाही.

आम्ही त्याला उचलून खाली आणलं. आणि मग मी एक गोष्ट पाहिली जी यापूर्वी कधीच पाहिली नव्हती: मामा बसले. वही मांडीवर घेऊन पानं उलटत राहिले. "हा नाही... याचा दवाखाना दुपारी बंद राहते... हा..." एवढ्या तालमी करून ठेवलेला माणूस एक नाव ठरवू शकत नव्हता. मामींनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली. "ठेवा तो कागद! जावईबापू, त्या सदरच्या बाईले फोन लावा."

बाईंनी दुसऱ्या घंटीला उचलला. "किती वेळ उन्हात होता?... अंगावर साधं पाणी टाका, पोटाले, पायाले. बर्फ नको. ओलं कापड गुंडाळून ठेवू नका. गाडीत एसी लावा आन् निघा. मी टेबल तयार ठेवतो." नरखेडकडच्या बायकांच्या तोंडचं ते पुरुषी 'ठेवतो' ऐकून मला विनाकारण धीर आला.

मागच्या सीटवर मामा कंडक्टरला मांडीवर घेऊन होते. वाटेतल्या एका चढावर गाडी जरा अडकली तेव्हा पुढे बसलेल्या मामी हळूच म्हणाल्या, "राणी इथंच गेली होती." राणी त्यांची आधीची कुत्री, माझ्या लग्नाआधीची. तिला घेऊन मामा एका रविवारी स्कूटरवरून पाच दवाखाने फिरले होते, पाचही बंद. सहाव्याकडे जाताना याच चढावर ती गेली. हे मला घरात आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वही, बटाटे, तिरका मासा, सगळ्यावर मी मनसोक्त हसलो होतो; आता हॉर्नवरचा हात न काढता मी गाडी त्या चढावरून वर काढली.

बाईंनी ताप मोजला, पायात सलाईन लावलं, पंखा टेबलाजवळ ओढला. मग दोन तास त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या ते कुत्र्याशीच. "अस्सं. घे ना बाप्पा श्वास. हळू." मामा भिंतीला टेकून उभे होते. शेवटी ते म्हणाले, "मीच कडी लावली होती, डॉक्टर. मले आठवण राहिली नाही."

बाईंनी वर पाहिलं. "ते तुम्ही खरं सांगितलं, काका. त्याचा मले उपयोग झाला. अर्धे लोक म्हणतात, काय झालं मालूम नाही जी. मग मी अंधारात चाचपडत राहतो." आणि स्टूल पायाने सरकवून म्हणाल्या, "बसा आता."

संध्याकाळी कंडक्टरने मान उचलली. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला. मागचे पाय जरा लटपटत होते, ते सुधारायला आणखी काही दिवस लागतील, असं बाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. त्यानंतर लसीसाठी, नखांसाठी, कानांसाठी, सगळ्यासाठी सदरचा गाळा हे कायमचं ठरलं. मामांनी इतर कुणाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आठवड्याने मी तब्येत विचारायला गेलो. दारात मामींनी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत मामा झोपले होते, दिवसाउजेडी, तोंड किंचित उघडं, एक हात खाटेवरून खाली लोंबलेला आणि कंडक्टरच्या पाठीवर टेकलेला. मामी दारातच उभ्या राहून कुजबुजल्या, "आता दररोज झोपतात. इतकी वर्षं मी म्हणत होती, बसा, जरा बसा. आता बसले, तर मलेच करमून नाही राहिलं."

मी थोडा वेळ पाहत राहिलो. मामा पंच्याहत्तरीचे आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांनी ते कधी नीट बघू दिलं नव्हतं. कुठलाही चेहरा निरखायचा तर तो क्षणभर तरी थांबावा लागतो. त्या दुपारी ते पहिल्यांदा मला म्हातारे दिसले. मी चपला हातात घेऊन, आवाज न करता परत फिरलो.