बारशाच्या कुंचीवरच्या चिमण्या

"हातासरशी करून टाकते," असं म्हणत ती ओढणीच्या टोकाला टोचून ठेवलेली सुई काढायची. साहेबांचं बटण, माझ्या पर्सचा पट्टा, ऑफिसच्या पडद्याची उसवलेली किनार, तिला काहीही चालायचं. आमच्या शिपायाने एकदा नव्याकोऱ्या शर्टाचं धड बटण मुद्दाम तोडून आणलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

स्वारगेटजवळच्या आमच्या विम्याच्या कचेरीत ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. राहायची पार शहराबाहेर, मांजरी गावाला, उसाला खेटून उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीत. मी कसबा पेठेतली. बस चुकली म्हणजे काय होतं, ते मला तिच्याकडूनच कळलं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ती कामावर आली ती गप्पगप्पच.

"ताई, काल घरी पोचले तर धाकटा झोपला होता. आज निघाले तेव्हाही झोपलेलाच."

"मग रविवारी बघ त्याला," मी म्हटलं. आमची माया ही अशी. ती हसली, आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागली.

थोड्याच दिवसांत तिने सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. बाळांचे कपडे शिवून विकणार म्हणाली. झबली, टोपडी, दुपटी, आणि मुख्य म्हणजे कुंची. बारशाला बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती. तिची कुंची तुम्ही बघायलाच हवी होती. काठाला दोऱ्याच्या एवढ्याएवढ्या चिमण्या, आणि प्रत्येकीचं तोंड वेगळीकडे.

"सहा महिन्यांत जम बसला तर राजीनामा देईन. नाही बसला तर निमूट परत येईन," ती म्हणाली. साहेबांनी खुर्ची राखून ठेवली. खरं सांगू? ती परत यावी असंच मला वाटत होतं. डबा खायला तिच्यासारखी सोबत नाही.

पण एवढी वर्षं विम्यात काढलेली बाई! तिच्या डोक्यात धंदा म्हणजे आगाऊ नोंदणी. ओळखीपाळखीत जिला म्हणून दिवस गेले होते, तिच्या घरी हिचा मेसेज पोचला. 'बाळ येण्याआधीच कपडे बुक करा, खास सवलत मिळवा.' माझ्या भाचीला सातवा महिना लागला होता. नंबर मीच दिलेला. दुपारी बहिणीचा फोन.

"तुझ्या मैत्रिणीला सांग, आमच्या बाळाला यायची घाई नाही. तिलाच फार दिसतेय."

मी लगेच हिला फोन लावला. "अगं, बाळ जन्माला यायच्या आधी कुणी त्याचे कपडे शिवायला टाकतं का?"

"अगं बाई!" ती एकदम ओरडली. "माझ्या दोन्ही वेळेला सासूबाईंनी घरात लंगोटसुद्धा शिवू दिला नव्हता. मी विसरलेच की हो!"

आता आली का पंचाईत! बाळ येण्याआधी कुणी शिवायला देणार नाही, आणि आल्यावर बाराव्या दिवशी बारसं. त्या गडबडीत मांजरीच्या बाईला कोण शोधत बसणार? लोक पेठेतल्या दुकानातून तयार कुंची उचलत होते. महिने सरत चालले.

"मुलं दिवसभर जवळ असतात, फार बरं वाटतं," ती एकदा फोनवर म्हणाली, "पण ताई, मशीनवर चादर घालून ठेवली ना, की मला भीती वाटते."

मग एक दिवस ती थेट माझ्या बहिणीच्या दारात उभी राहिली.

"बाळाबद्दल आपण बोलायचंच नाही," ती बहिणीला म्हणाली. "घरात एखादी जुनी, मऊ सुती साडी असेल तर द्या. धुऊन तिच्यावर चिमण्या काढून ठेवते. कात्री लावणार नाही, जोडून काही शिवणार नाही. तुम्ही सांगेपर्यंत साडी ती साडीच."

माझी बहीण कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हे. पण यात तिला खोट काढता येईना. तिने आत जाऊन एक साडी आणून दिली.

तेवढीच एक साडी, आणि रजा संपली. सोमवारी ती कामावर हजर. टेबल पुसलं, डबा खणात ठेवला, पंखा माझ्याकडे वळवला. मी खूश, ती मात्र पडेल चेहऱ्याने बसलेली. अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. बहिणीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मुलगी झाली हो! लावा आता कात्री! आणि दवाखान्यात शेजारच्या खोलीतल्या आजी विचारतायत, नातवाच्या कुंचीसाठी साडी कुठे आणून द्यायची? त्यांच्या धाकट्या सुनेलाही..." इथे बहिणीने जीभ चावली असणार. "म्हणजे, दुसरी साडी नुसती धुवायला हो."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, काय करू?"

"मला काय विचारतेस? बारसं आमच्याकडे आहे. ऊठ, नीघ."

ती राजीनामा द्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेली. बाहेर आली ती तरातरा जिन्याकडेच. डबा राहिला तो राहिलाच. तोंडलीची भाजी होती. मी एकटीने खाल्ली, आणि मला ती गोड लागली नाही.

बारशाला ती आलीच नाही. दवाखान्यातल्या त्या आजींच्या नातवाचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. भाचीने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. चिमण्या बघता बघता मी कापड बघितलं. निळ्या चौकड्या. आईची घरात नेसायची साडी. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिच्या कपाटाला बहिणीने कुणालाही हात लावू दिला नव्हता.

"तिने हीच मागितली?"

"छे गं," बहीण म्हणाली. "मीच काढून दिली. ती म्हणाली ना, कात्री लावणार नाही."

मी तिथूनच तिला फोन लावला आणि 'अगं' म्हणायच्या आत नाक शिंकरलं. मागे मशीन चालू होतं.

"ताई, रडताय ना?" ती म्हणाली. "आधी बाळाला दुसऱ्या कुणाकडे द्या बघू. तुमचं काजळ लागेल कुंचीला." आणि फोन ठेवलासुद्धा.

बहिणीने हात पुढे केले. मी बाळ दिलं नाही.