पाचवा खांदेकरी

सेलूला मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा बैठकीत नऊ माणसं होती आणि हसणारा एकच, मुलीचा बाप. तोही विनोद यायच्या आधीच हसायचा.

पुढे ते माझे सासरे झाले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शाळेत इंग्रजी शिकवायचे. परभणीच्या बाजारात, जुन्या सीड्यांच्या ढिगात त्यांना एक काळा-पांढरा विलायती विनोदी सिनेमा सापडला होता. त्यात कोणी ओरडत नाही, घसरून पडत नाही. माणसं अगदी सभ्यपणे, हळू आवाजात वेड्यासारखी वागतात. सेलूत तो कोणालाच आवडला नव्हता. आपल्या जोडीनं कोणीतरी एकदा योग्य जागी हसावं, एवढी मामांची इच्छा. त्यापायी मुलीचं लग्न अडलं होतं, कारण येणाऱ्या प्रत्येक स्थळाला पोह्यांसोबत ते हा सिनेमा दाखवत.

"शुभ कामात मयत कशाला दाखवायलात?" मामी आतून म्हणाल्या. पडद्यावर अंत्ययात्रा निघाली होती.

"परीक्षा हाय ती. मागचा पाहुणा टोपी उडाल्यावर हसला. टोपीला कोणीबी हसतंय."

माझे वडील पडद्याकडे पाठ करून पोहे खात होते. मला बोलणं कळेना, म्हणून मी माणसं मोजत बसलो. बँकेची सवय.

"काहीतरी चुकलंय," मी म्हणालो. "शवपेटी चर्चमध्ये नेली तेव्हा खांदेकरी चार होते. बाहेर पाच आले."

मामांनी सिनेमा थांबवला. "पाचवा कोण?"

मी चेहरा निरखला. मघाशी पडद्यावर हार घातलेल्या फोटोत दिसला होता तोच. "अहो, हा तर मेलेला माणूस! स्वतःलाच खांदा देतोय!" आणि मला असं हसू फुटलं की पोहे सतरंजीवर सांडले.

मामा मात्र हसले नाहीत. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "अगं ऐकलं का, पोरगी दिली!"

"आधी तिला बाहेर तर येऊ द्या!" मामी म्हणाल्या.

नंतर दर दिवाळीला आम्ही तो सिनेमा पाहायचो. "जावईबापू, त्या पाचव्याकडं बघा," मामा दरवेळी सांगत. "तोंडावर हसू न्हाई. किती मन लावून काम करायलाय!"

गेल्या वर्षी मामा गेले. तिरडी उचलली, तेव्हा बायको दारात उभी होती.

"किती आहेत हो?" तिनं हळूच विचारलं.

"चार."

"नीट मोजा ना," ती रडत रडत म्हणाली.

मी पुन्हा मोजले.